कौसाबाईंच्या आखाड्यावरचा दवाखाना

हिंगोलीहून येऊन तीन आठवडे झाले, तरी माझ्या नखांच्या कडा अजून पिवळ्या आहेत. परवा पुण्यात भाजीवालीने विचारलं, घरात लग्न आहे का. मी नाही म्हणाले आणि पिशवी उचलून चालू लागले. सविस्तर सांगायचं त्राण नव्हतं. आज सांगते.

मी सिनेमांचं कलादिग्दर्शन करते. म्हणजे पडद्यावर माणसं सोडून जे जे दिसतं ते उभं करते. भिंत, खाट, कॅलेंडर, कॅलेंडरमागचा ओलीचा डाग. मोठ्या सिनेमात या कामाला पन्नास माणसं असतात. मी ज्या सिनेमांना जाते तिथे मी असते आणि असलाच तर एक रंगारी असतो. हे सिनेमे भुताखेतांचे, साथीच्या रोगांचे, क्वचित परग्रहावरून आलेल्या लोकांचे. चार मित्र मिळून ते काढतात आणि चौघांपैकी एकाच्या काकांची जीप असते. पंचवीस वर्षं मी थर्माकोलची थडगी आणि पुठ्ठ्याची यंत्रं करत आले. आता त्रेपन्नावं चालू आहे, गुडघे जिना चढताना बोलतात. जानेवारीत ठरवलं होतं की पुरे झालं. फेब्रुवारीत निखिलचा फोन आला.

निखिल दिग्दर्शक, वय तीसच्या आसपास, बोलताना समोरच्याच्या खांद्यामागे बघणारा. त्याची गोष्ट अशी: एका गावात अनोळखी ताप येतो, गावाबाहेर एका खोलीत सरकार दवाखाना काढतं, आणि त्या खोलीत शेवटी एक डॉक्टरीण आणि एक रोगी एवढेच उरतात. अर्धा सिनेमा त्या एका खोलीत. "खोली पांढरी पाहिजे," तो म्हणाला, "माणसाला डोळे मिटून घ्यावेसे वाटतील इतकी." मला इतक्या वर्षांत असं कुणी सांगितलं नव्हतं. मला नेहमी 'तिथे जे असेल ते झाकून टाक' एवढंच सांगतात. मी हो म्हणाले. हा धंदा सोडण्याआधी एक खोली तरी मनात दिसते तशी करायची, एवढी एकच हाव होती.

पहिला दिवस : कनेरगाव नाका

वाशीमहून हिंगोलीकडे येताना कनेरगाव नाक्यावर ढाब्यांची रांग लागते. तिथल्याच एका ढाब्यावर आम्हाला कळलं की आमची खोली गेली. निखिलने ठरवलेल्या बंद पडलेल्या पतपेढीची इमारत मालकाने दुसऱ्याच कुणाला दिली होती. निखिल फोन घेऊन उसाच्या ट्रॅक्टरमागे गेला, तो बराच वेळ आला नाही. मी शेवभाजी आणि ज्वारीची भाकरी मागवली. पुण्यात शेवभाजी म्हणजे तांबड्या रश्शात भिजलेला फरसाण. इथे शेव जाड, रश्शाला काळ्या मसाल्याचा धुरकट वास, आणि भाकरी इतकी मोठी की ताटाबाहेर लोंबत होती. वाईट बातमी ऐकून मला भूक लागते, हा धंद्याने दिलेला एकमेव फायदा.

समोर बब्बूभाई बसले होते. हिंगोलीचे रंगारी, साठी उलटलेले, डोक्याला गोल टोपी, बोटांच्या पेरांत चाळीस वर्षांचे रंग. दुकानांच्या पाट्या रंगवायचे, आता पाट्या छापून येतात म्हणून घरं रंगवतात. त्यांनी शांतपणे रस्सा पुसून खाल्ला आणि म्हणाले, "म्याडम, एक खोली हाय. शिरड शहापूरला. हळदीची हाय, पन बराबर मोठी हाय. कौसाबाई ना नहीं बोलेगी."

दुसरा दिवस : शिरड शहापूर

इकडे शेतातल्या वस्तीला आखाडा म्हणतात. गोठा, चार खोल्या, विहीर, खळं, सगळं एका ठिकाणी. कौसाबाईंचा आखाडा गावापासून मैलभर आत होता. तिथे पोचायच्या आधी वास पोचला. शिजवलेल्या हळदीचा वास मला माहीत नव्हता. तो मातीसारखा आणि थोडा औषधी असतो आणि कपड्यांत राहतो. खळ्यावर नजर जाईल तिथवर हळकुंडं वाळत पसरलेली होती. शिजवून आठ दिवस झाले होते, अजून आठ-दहा दिवस ऊन लागणार होतं. मग पॉलिशच्या ड्रममध्ये घुसळायची आणि खोलीत भरायची.

खोली म्हणजे लांबट, उंच भिंतींची, वर पत्रे टाकलेली जागा. गेल्या वर्षीची हळद विकून रिकामी झालेली. वर्षानुवर्षं आत पॉलिशचा ड्रम फिरलेला, त्यामुळे भिंती जमिनीपासून पत्र्यापर्यंत पिवळ्या. मी मधोमध उभी राहिले आणि मला ती पांढरी दिसली. लोखंडी खाट कुठे येईल, सलाईनचा दांडा कुठे, दार उघडल्यावर किती अंतर चालावं लागेल, सगळं दिसलं. असं फार क्वचित होतं.

कौसाबाई साठीच्या, उंच, नऊवारीचा काष्टा घट्ट मारलेला. नवरा गेल्यापासून शेती त्याच बघतात, हाताशी सून मीरा. मुलगा बसमतला नोकरीला. त्यांनी मला विचारलं, "कशाचा पिच्चर हाय?"

"भीतीचा," मी म्हणाले. "एका रोगाचा."

"भुताचा?"

"तसाच म्हणा."

त्यांनी मान हलवली आणि चहा टाकायला सांगितलं. पुण्यात चहा घेणार का असं विचारतात आणि विचारण्याच्या सुरावरून काय उत्तर द्यायचं ते ठरतं. इथे विचारत नाहीत. चहा येतो, पाठोपाठ धपाटे येतात, दही येतं, आणि पोट भरलंय म्हटलं की लोक ते ऐकून घेतात आणि वाढतात.

खोली त्यांनी दिली. अट एकच घातली. "आभाळ आलं तर हळद आत घ्यायाला जागा लागंल, बाई. एवढं आयका. भिजली की रंग जातो तिचा." मीराने मग मला सांगितलं की गावात कुणाच्याही घरी लग्न असो, हळदीची हळकुंडं कौसाबाईंच्या खळ्यावरून जातात. सासूबाईंच्या सासूबाईंपासून तसं आहे. या वर्षी वैशाखात नऊ लग्नं होती आणि नऊही घरचे लोक सांगून गेले होते. भिंतीलगतचा वेगळा ढीग त्यांचा. त्यातली हळकुंडं निवडून घेतलेली, बोटाएवढी लांब, सरळ.

मी शब्द दिला.

संध्याकाळी मी अंगणात पिंपात चुना भिजवला. तयार रंग मला नकोच होता. जुन्या सरकारी दवाखान्याच्या भिंतीचा मऊ, कोरडा पांढरा हा फक्त चुन्यालाच येतो, हे मी पंचवीस वर्षांत शिकले आहे आणि ते सगळ्यांना ऐकवायची मला खोड आहे. तेव्हाही ऐकवलं. बब्बूभाई, मीरा, हळद निवडणाऱ्या दोन बाया, सगळे उभे राहून ऐकत होते. कौसाबाईंनी विचारलं, "बाई, हळदीच्या भितीला चुना लावून राहिल्या का?"

"हो मावशी," मी म्हणाले. "मला माहीत आहे काय करायचं ते."

त्या खळ्याकडे वळल्या. बाया एकमेकींकडे बघून हसल्या. मला वाटलं, शहरातली बाई चुन्यात हात घालते याचं कौतुक असेल.

तिसरा दिवस : साखरा

बाहेरची दृश्यं सेनगाव तालुक्यात साखऱ्याला होती, तिथल्या कोरडवाहू रानात. तूर काढून नेलेली, उभं काही नाही, फक्त तुराट्यांचे भारे आणि लांबवर एक बाभूळ. रोगाने ओस पडलेलं रान म्हणून निखिलला ते फार आवडलं. ज्याचं रान होतं तो माणूस बांधावर बसून बघत होता. ओसाड दिसतंय म्हणून आम्ही खूश होतोय हे त्याला समजलं आणि तो थोडा नाराज झाला. "पाऊस पडला की या," तो म्हणाला. "मंग बगा कसं दिसतंय ते." त्याचं बरोबर होतं. आम्ही दिवसभर त्याच्या रानाचा अपमान करत होतो आणि तो आम्हाला पाणी आणून देत होता.

निघताना मी बब्बूभाईंना सांगून आले होते की दोन हात मारा, दोन हात झाल्याशिवाय थांबू नका. परतीच्या दोन तासांत जीपमध्ये मी झोपले. आखाड्यावर उतरले तेव्हा दिवस मावळायचा होता. खळ्यावरच्या सगळ्या बाया खोलीच्या दारात उभ्या होत्या, मला बघून बाजूला झाल्या. बब्बूभाई ब्रश धूत होते, चेहरा काम मनासारखं झालेल्या माणसाचा.

खोली लाल होती. फिकट बिकट नाही, कुंकवासारखी लाल, चारही भिंती, वरपासून खालपर्यंत. दोन हात मारलेल्या.

मी मराठी बाई आहे. लहानपणी पाय मुरगळला की आई हळद आणि चुना कालवून लावायची आणि पाय आठवडाभर लाल दिसायचा. ओवाळून टाकायचं लाल पाणी मी स्वतःच्या हाताने केलंय, हळद टाकून, चुन्याचं बोट बुडवून. हे मला येत नव्हतं असं म्हणायलाही जागा नाही. माझ्या डोक्यात पांढरी खोली इतकी पक्की बसली होती की समोरची पिवळी भिंत मला दिसलीच नाही.

"बब्बूभाई, लाल होतंय हे दिसलं तेव्हा थांबला का नाहीत?"

"तुमीच बोल्ले ना म्याडम, दो हात हुए बगैर रुकना नहीं." ते गोंधळले. "भूत का पिच्चर है बोले. हम समझे खून का कमरा होना."

"आमी बी तसंच समजलो," कौसाबाई म्हणाल्या. "तुमी म्हनल्या, मला म्हाईत हाय."

पुण्यात मी भिंतीला खिळा ठोकायला घेतला तरी खालून जाणारा माणूस थांबून सांगतो की तो वाकडा जातोय. वैताग येतो त्याचा. इथे पाच माणसांना दिसत होतं, आणि पाहुण्या बाईला तिच्या कामात आपण काय शिकवायचं म्हणून पाचही जणांनी तोंड मिटून ठेवलं. मी पायरीवर बसले. रागवायला कुणी शिल्लक नव्हतं आणि अंगात तेवढी ताकदही नव्हती.

चौथा दिवस

सकाळी बसमतहून आणलेला तयार रंग एका कोपऱ्यात मारून बघितला. दुपारपर्यंत तो गुलाबी झाला, एखाद्या बालवाडीसारखा. निखिल म्हणाला, लालच ठेवू. मी म्हणाले, लाल खोलीत भीती दारातच कळते, मग आत जायचं कशाला. तो माझ्या खांद्यामागे बघत राहिला आणि म्हणाला, मग तुम्हीच सांगा. नट-नट्यांचे दिवस ठरलेले होते. चार दिवसांत खोली पांढरी झाली नाही तर सिनेमा घडी घालून घरी न्यायचा होता.

कौसाबाई आमचं बोलणं ऐकत हळकुंडं हलवत होत्या. बऱ्याच वेळाने त्या आल्या, पदराला हात पुसत. "बाई, एक सांगू का? राग नका येऊ देऊ."

"सांगा."

"लुगड्याला हळद लागली तर आमी घासत न्हाई. उन्हात टाकतो. दोन दिवसांत डाग जातो." त्यांनी वर बघितलं. "पत्रे काढू की. भितीला ऊन लागंल. चूक आमची बी हाय, सांगाया पायजे होतं आमी."

मला त्यांच्या अटीची आठवण होती. त्यांनाही होती. पत्रे काढले तर आभाळ आल्यावर हळद कुठे घ्यायची, हे दोघींनाही ठाऊक होतं. आकाश अगदी स्वच्छ होतं. मी म्हणाले, "तीनच दिवस, मावशी. परत बसवून देते." त्या म्हणाल्या, "बसतील की."

तासाभरात सगळे पत्रे उतरवून कडुनिंबाखाली रचले.

पाचवा आणि सहावा दिवस

दोन दिवस मी भिंतीला ऊन लागताना बघत बसले. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात आळशी आणि सगळ्यात काळजीचं काम. सकाळी पश्चिमेच्या भिंतीवर ऊन यायचं, दुपारी ते उत्तरेच्या भिंतीवर सरकायचं, मग पूर्वेच्या. आधी लालचं विटकरी झालं, विटकरीचं मातकट, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मातकटाच्या आतून पांढरं दिसू लागलं. दक्षिणेच्या भिंतीला आतून ऊन लागतच नव्हतं, ती तांबडीच राहिली. मी निखिलला सांगितलं, कॅमेरा कायम त्या भिंतीला पाठ करून लावायचा. बाकीच्या तीन भिंतींवर मी आणि बब्बूभाईंनी खडूची भुकटी चोळली.

जेवायला कौसाबाईंकडे असायचो. करडईची भाजी, तुरीचं घट्ट वरण, भाकरी, कच्चा कांदा बुक्कीने फोडलेला. मीरा मला विचारायची की पिच्चरमधलं सगळं खोटं असतं तर मग एवढी तकलीफ कशाला. मी म्हणायचे, खोटं दिसू नये म्हणून. तिला ते उत्तर पटायचं नाही आणि खरं सांगायचं तर मलाही पटेनासं झालं आहे.

सहाव्या दिवशी संध्याकाळी खोली झाली. खाट आली, सलाईनचा दांडा आला, खिडक्यांतून येणारा उजेड अडवायला कौसाबाईंच्या दोन ताडपत्र्यांतली एक बाहेरून ठोकली. वर पत्र्यांच्या जागी मी मांजरपाटाचं कापड ताणलं. सूर्य त्यातून गाळून यायचा आणि खोलीभर सारखा, सावली नसलेला उजेड पडायचा. मी दारात उभी राहिले. मनात दिसलं होतं तसंच होतं. मला रडू आलं, आणि गुडघे दुखतायत असं सांगून मी बाहेर गेले.

सातवा दिवस

शूटिंग सुरू झालं. बाहेरच्यांना मीच नियम सांगितला, माझ्याच तोंडाने. लाल दिवा लागला की कॅमेरा चालू. तेव्हा बोलायचं नाही, बादली ठेवायची नाही, आणि पत्र्यांना तर हातच लावायचा नाही, कारण पत्रा वाजला की सगळं पहिल्यापासून करावं लागतं. बायांनी मान हलवली. दिवसभर खळ्यावर कुणी खाकरलंसुद्धा नाही. मी शंभर ठिकाणी शूटिंग केलंय, इतकं ऐकणारी माणसं बघितली नाहीत.

त्या दिवशी पत्रे परत बसवायचे होते. तीन दिवस भरले होते. निखिल म्हणाला, वरून येणारा हा उजेड पैसे टाकून मिळणार नाही, उद्या शेवटचा मोठा शॉट आहे, तेवढा होऊ दे. मी कौसाबाईंना विचारायला गेले. त्या आकाशाकडे बघत होत्या. दक्षिणेला पातळ ढगांची एक रेघ होती.

"एकच दिवस, मावशी."

"घ्या करून," त्या म्हणाल्या.

आठवा दिवस

शेवटचा शॉट सव्वाचार मिनिटांचा होता, मध्ये न तोडता. डॉक्टरीण रोग्याच्या खाटेशी बसते, बोलते, आणि बोलता बोलता तिला कळतं की ताप तिलाही आला आहे. सकाळपासून पाच वेळा घेतला, पाचही वेळा काही ना काही बिघडलं. दुपारी तीनच्या सुमारास उजेड उतरला. मी मांजरपाटातून वर बघितलं तर सूर्याची चकती नव्हती. निखिलच्या चेहऱ्यावर मात्र आनंद होता. "ढग आलेत, उजेड मऊ झालाय. आत्ता. आत्ताच घेऊ या."

दिवा लागला. मी दाराशी उभी होते. दार फळ्यांचं, फळ्यांमध्ये दोन बोटांची फट.

नटी बोलायला लागली आणि मला पहिल्याच वाक्याला कळलं की हाच तो शॉट. तिच्यामागे माझी भिंत होती, थकलेली, कोरडी, पांढरी. दुसऱ्या मिनिटाला कापडावर टप असा आवाज आला. मग आणखी एक. आवाज टिपणाऱ्याने हात वर केला, निखिलने त्याच्याकडे न बघता बोट फिरवलं: चालू ठेव.

मी फटीतून बाहेर बघितलं.

खळ्यावर पाऊस पडत होता. अजून जोर नव्हता, पण थेंब मोठे होते. कौसाबाई, मीरा आणि त्या दोघी बाया ओंजळींनी हळद ओढून एकुलत्या एका ताडपत्रीवर टाकत होत्या. फावडं बाजूला पडलेलं होतं, फावड्याचा आवाज होतो म्हणून. पत्रे कडुनिंबाखाली तसेच होते. कुणी कुणाला हाक मारत नव्हतं. मीरा तोंडाने न बोलता हाताच्या खुणा करत होती, आधी हे, मग ते. आम्ही बोललेलं एवढं कुणी पाळेल असं मला कधी वाटलं नव्हतं. लग्नाचा ढीग भिंतीलगत होता, त्यांच्यापासून सगळ्यात लांब.

कौसाबाईंनी कमरेवर हात ठेवून मान वर केली, आणि फटीतून माझ्याकडे बघितलं.

आमच्या धंद्यात 'कट' फक्त दिग्दर्शक म्हणतो. दुसऱ्या कुणी म्हटलं तर त्याला पुन्हा कुणी बोलावत नाही. हे मी स्वतःला तेव्हा सांगितलं, पण ते कारण नव्हतं. मी हा शेवटचाच सिनेमा करणार होते, मला कोण बोलावणार होतं. कारण एवढंच होतं की माझी भिंत कॅमेऱ्यात दिसत होती, आणि पाऊस वाढला की भिंतीवर ओघळ येणार होते आणि ती परत कधी तशी होणार नव्हती. मी फटीपासून तोंड फिरवलं आणि आत बघत राहिले. उरलेली दोन मिनिटं मी तो शॉट बघितला. मला त्यातला शब्द न् शब्द पाठ आहे.

निखिल कट म्हणाला आणि टाळ्या पडल्या. मी दार उघडून ओरडले की पत्रे उचला. मग सगळेच धावले, नटीसुद्धा, अंगावर रोग्याच्या रक्ताचे खोटे डाग घेऊन. चौघांना एक असे पत्रे हळदीवर आडवे टाकले. बब्बूभाई टोपी भिजू नये म्हणून खिशात घालून उघड्या डोक्याने वाकून पोती ओढत होते. वीस मिनिटांत पाऊस गेला आणि ऊनसुद्धा पडलं. मोठा ढीग बराचसा वाचला. लग्नाचा ढीग खालपर्यंत भिजला होता, त्याच्याखालून पिवळं पाणी वाहत गोठ्यापर्यंत गेलं होतं. खोलीत भिंतींवर तांबडे ओघळ आले होते. निखिलने मला मिठी मारली आणि म्हणाला, शॉट मिळाला.

तो शॉट त्याने गेल्या आठवड्यात मला पाठवला. चांगला झाला आहे. मी केलेलं सगळ्यात चांगलं काम तेच असेल.

नववा दिवस

बाकीचे पहाटेच निघाले. बब्बूभाई आणि मी पत्रे बसवायला थांबलो. दहा वाजेपर्यंत ते झालं. मग मी खळ्यावर गेले. कौसाबाईंनी भिजलेली हळकुंडं वेगळी पसरली होती. वाळल्यावर ती खायला चालतील, पण रंग गेला होता. मोडून दाखवलेल्या हळकुंडात आत गडद केशरीच्या जागी मळकट, शेवाळी पिवळा होता. नऊ घरांना आता दुसरीकडून न्या म्हणून निरोप द्यावा लागणार, असं मीराने सांगितलं आणि ती भाकरी करायला आत गेली.

मी कौसाबाईंशेजारी बसले आणि हळकुंडं उलटी करू लागले. मला लाज वाटत होती, आणि लाज वाटली की मी दुसऱ्यालाच विचारते.

"मावशी, काल हाक का नाही मारली? मी थांबवलं असतं."

त्यांनी हात न थांबवता माझ्याकडे बघितलं. "हाक काहून मारू? तुमी बगितलं व्हतं की."

मी हातातलं हळकुंड खाली ठेवलं.

"फळीतून. तुमी बगितलं, मी बी बगितलं. मी मीरीला खुनेनं सांगितलं, बाईला दिसलंय, तवा आता काळजी न्हाई. मंग तुमी आत बगाया लागल्या. म्हनलं, दिसून बी थांबल्या न्हाईत, म्हंजे आतलं काम लईच नाजूक असंल." आवाजात राग नव्हता, टोमणा तर नव्हताच. त्या मला माझी बाजू समजावून सांगत होत्या. "झालं ना तुमचं बराबर?"

"झालं," मी म्हणाले.

"मंग बरं झालं," त्या म्हणाल्या, आणि माझ्या पुढ्यातली चार हळकुंडं त्यांनी परत उलटी केली, कारण मी ती भिजलेली बाजू खाली ठेवून मांडली होती.